दुसऱ्या डोसाआधी

आष्टा
चि. सूरज,

ताई फोनवर सांगत होती, जेवणानंतर दोन तासांनी शुगर २८० दिसली की तू लगेच करेक्शनचा डोस घेतोस, आणि तासाभरात आकडा हलला नाही की आणखी एक. बाळा, मला भीती वाटते ती त्या दुसऱ्या डोसाची.

भागाकार तुझा बरोबर आहे. दिवसाचं सगळं इन्सुलिन ४५ युनिट, १८०० ला ४५ ने भागलं की ४०. म्हणजे एका युनिटला शुगर साधारण ४० नं उतरते. २८० वरून १२० वर यायला ४ युनिट. पण जेवणाआधी टोचलेलं इन्सुलिन ह्या हिशेबात धरलंस का? पेनमधलं ते जलद इन्सुलिन चारेक तास काम करतं. दोन तासांनी त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगात असतं. त्यावर चार, वर पुन्हा तीन चढवलीस, तर सगळी मिळून शुगर खाली ओढतात, तीही तू गाढ झोपेत असताना. म्हणून आधीच्या डोसाला चार तास होईपर्यंत थांब. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं. १८०० चा नियमही अंदाजच; तुझा आकडा डॉक्टरच तुझी शुगरची वही बघून ठरवतील.

आणि शुगर तपासण्याआधी हात धू. साखराळ्याचा कारखाना सुरू झालाय, गुऱ्हाळंही पेटलीत. परवा मेडिकलमध्ये एक गृहस्थ आले, मीटरवर ३४०. बोटांना काकवी चिकटलेली. साबणानं हात धुऊन, कोरडे करून दुसरा थेंब घेतला तर १५६! त्या ३४० वर इन्सुलिन टोचलं असतं तर?

पेन बिघडलं तर त्याच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढू नकोस. ते मिलिलिटरला १०० युनिटचं असतं, आणि लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनची. तिच्यात चारच्या रेघेपर्यंत ओढलंस की अंगात १० युनिट जातात. दुकानात बसून सगळ्यात जास्त हेच मी सांगत असतो.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. चॉकलेट हळू चढतं. २५० च्या वर राहून उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर कीटोन बघ आणि सरळ दवाखाना गाठ.

साखरेचा डबा कुठे असतो ते खोलीतल्या मित्राला आजच दाखव. दिवाळीला येताना वही आण. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतो.

तुझा,
मामा