तोल

बॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पायाच्या बोटांवर तरंगणारी नर्तकी. वजन म्हणून नाहीच जणू! प्रत्यक्षात सगळा भार त्या बुटाच्या टोकावर, दोन-तीन बोटांएवढ्या जागेवर असतो. तो सावरणारा घोटा नर्तकांना वारंवार दगा देतो. अचानक होणाऱ्या दुखापतींत घोटा मुरगळणंच सर्वांत जास्त.

मुरगळलेल्या घोट्याचा खरा त्रास सूज उतरल्यावर कळतो. शरीर तोल सांभाळतं ते डोळे, आतला कान आणि सांध्या-स्नायूंतली जाणीव, या तिघांच्या भरवशावर. घोट्याचे अस्थिबंध दुखावले की ही तिसरी जाणीव बोथट होते. दुखणं थांबतं, पण पाय कसा टेकला याची खबर नीट पोचत नाही. मग तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय मुरगळला. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा." पाचव्या सेकंदाला मी भिंत धरली! कचेरीत खुर्चीला चिकटलेल्या कारकुनाचं सोडा. आरशासमोर घडलेल्या नर्तकांचं वरचढपणही डोळे मिटल्यावर फारसं उरत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून क्युबाची आलिसिया आलोन्सो मला थोर वाटते. 1920 साली हवानात जन्मलेल्या या मुलीचा डोळ्याचा पडदा विशीच्या सुमारास सुटला. शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक महिने डोकं न हलवता पडून राहायचं. त्या काळात तिने 'जिझेल' शिकून घेतलं, तेही हाताच्या बोटांनी, अंथरुणावर! 1943 साली न्यूयॉर्कमध्ये आजारी अलिशिया मार्कोव्हाच्या जागी ती 'जिझेल' नाचली आणि तिचं नाव झालं. बाजूचं तिला नीट दिसत नसे. रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांवरून ती दिशा ओळखायची आणि जोडीदाराने ठरल्या जागी नेमकं असावं लागे. सत्तरी ओलांडल्यावरही ती नाचत होती. 2019 साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

तोल म्हणजे स्थिर राहणं, असं आपण समजतो. पण एका पायावर उभ्या नर्तकीचा घोटा नीट पाहा. तो क्षणभरही स्वस्थ नसतो, सारखा इकडे-तिकडे सावरत असतो. आलिसियाने आयुष्यभर तेच केलं. एक आधार सुटला, तिने दुसऱ्यावर भार टाकला. पडता पडता सावरत राहणं, यालाच तोल म्हणत असावेत.