उजीचे जुने दुरुस्तीघर

क्योटोहून दक्षिणेस जाणारी किंतेत्सु मार्गावरची गाडी अर्ध्या तासाच्या आसपास ओगुरा स्थानकावर आणून सोडते. हा उजी शहराचा भाग. उजी चहासाठी प्रसिद्ध. आपल्या लीळाचरित्राहून सुमारे अडीच शतके जुन्या असलेल्या गेंजीच्या कथेचे अखेरचे दहा अध्याय याच परिसरात घडतात, आणि १० येनच्या नाण्यावर दिसणारा ब्योदोइनचा १०५३ सालचा मंडपही येथलाच. २०१२ ते २०१४ या काळात त्याची दुरुस्ती होऊन त्यास पुन्हा तांबडा रंग चढला.

मला ओढ होती ती मात्र ओगुरातील एका कारखान्याची. १८८९ पासून क्योटोत हानाफुदा नावाचे फुलापानांचे पत्ते करणाऱ्या निन्टेंडो कंपनीने तो १९६९ साली पत्त्यांसाठीच उभारला. पुढे येथे ग्राहकांची नादुरुस्त खेळयंत्रे दुरुस्त होऊ लागली. २ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे संग्रहालय आहे. प्रवेशपत्रिका सोडतीने मिळते.

दालनात काचेआड फॅमिकॉम ठेवला आहे. १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आलेले हे लाल-पांढरे यंत्र. त्याच्याच नकला पुढे १९९० नंतर आपल्या घरांतील टीव्हींना जोडल्या गेल्या. पहिल्या यंत्रांची बटणे चौकोनी आणि रबराची होती. वापराने ती मऊ पडत, कोपरा भोकाच्या कडेत अडके आणि दाबलेले बटण वर येईना. कंपनीने लवकरच गोल, टणक प्लॅस्टिकची बटणे आणली. सुटे भाग सरल्याने २००७ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने या यंत्राची दुरुस्तीही थांबविली. काचेआडचे बटण आता झिजणार नाही, कारण ते कोणी दाबणारच नाही.

क्योटोत नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने असेच एक चौकोनी बटणांचे यंत्र जुन्या बाजारातून घेतले आहे. त्याच्या ‘ए’ बटणाची एक कड पार गुळगुळीत झाली होती. ज्या मुलाच्या अंगठ्याने ती झिजविली, तो आज माझ्याच वयाचा असावा.

“काका, नवे बटण मागवता येते. घालू का?”

“झिजले आहे, तुटलेले नाही. राहू दे.”

मंडपास नवा रंग देणे मला योग्यच वाटते. तो डोळ्यांनी पाहावयाचा असतो. बटण बोटाने ओळखावयाचे असते.

खरा दोष आत होता. बटणाखाली काळी विद्युत्वाहक चकती असते. ती पट्टीवरील दोन रेघांना टेकली की प्रवाह जुळतो. चकतीवरचा थर उडाला होता. पुतण्याने स्क्रू काढून रेघा अल्कोहोलच्या बोळ्याने अलगद पुसल्या. खरवडावयाचे नाही, नाहीतर रेघच जाते. मग चकतीवर ग्रॅफाइटचा पातळ लेप दिला आणि तो रात्रभर वाळू दिला.

सकाळी मारिओने पहिल्याच दाबाला उडी घेतली. बटण मात्र अजूनही एका कोपऱ्यात जरासे अडकते.