थंडी कुठे साचते

४ जानेवारी

सासूबाईंचा रोजचा प्रश्न आजही आला. "दारात स्कूटी आहे, ती काय पूजेला ठेवलीय?" मी कानटोपी खाली ओढली, मफलर बांधला आणि सायकल बाहेर काढली. सकाळची शाळा सात वीसला भरते. साडेसहाला निघावं लागतं, आणि तेव्हा निफाडात अजून झुंजुमुंजूच असतं.

थंडीत स्कूटी बरी, असं सगळ्यांनाच वाटतं. हिशेब मात्र उलटा आहे. हवा ६ अंशांवर असेल आणि आपण ताशी १५ किलोमीटरने सायकल मारत असू, तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ती साधारण ३ अंशांसारखी लागते. स्कूटीवर चाळीसच्या वेगाने तीच हवा १ अंशाच्या घरात जाते. शिवाय स्कूटीवर नुसतं बसायचं असतं. सायकलवर मांड्या राबतात, पहिल्या दहा मिनिटांत अंगात ऊब धरते आणि स्वेटरचं वरचं बटण काढावंसं वाटतं.

बोटं तेवढी वाचत नाहीत. गारठा लागला की शरीर हातापायांच्या टोकांकडचं रक्त आखडतं घेतं आणि पोटाछातीकडे राखून ठेवतं. पाय निदान फिरत असतात, हात हँडलवर नुसते धरलेले. नदीच्या पुलापाशी ब्रेक दाबला तरी दाबल्याचं बोटांना कळत नाही. आमच्या कितीतरी मुली हातांत पायमोजे घालून येतात. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की जास्त ऊबदार राहतात, त्यामुळे पाच बोटांच्या महागड्या मोज्यांपेक्षा हा उपाय सरसच ठरतो.

७ जानेवारी

हिवाळ्यात नाशिकच्या पेपरांना निफाडची आठवण रोज होते. राज्यातलं नीचांकी तापमान बऱ्याचदा आमच्याच नावावर असतं. छापतात तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. गव्हाला थंडी मानवते, तेव्हा ती तिथे मोजली जावी हे साहजिकच.

आज नववीच्या तासाला हा आकडा येतो कुठून ते सांगितलं. झडपांची पांढरी पेटी, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, तिच्यात सावलीत ठेवलेला तापमापक. जमिनीलगत त्याहूनही गार असतं. म्हणूनच पेटीतला पारा ३-४ अंशांवर असतानाही गवतावरचं दव गोठल्याचे फोटो छापून येतात.

पेपर टाकणारा पोऱ्या हा आकडा वाचत बसत नाही. तो सरळ अंगावर घालतो. पहाटे गठ्ठे सोडले की एक अख्खा अंक स्वेटरच्या आत, छातीवर. शेवटच्या घरी तोच अंक टाकायचा. आज आमच्याकडे आलेला अंक गरम होता.

ही युक्ती जुनी आहे. टूर द फ्रान्समधले सायकलस्वार आल्प्सचा घाट चढून माथ्यावर पोचले की रस्त्याकडेच्या माणसांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत कोंबायचे. चढताना घामाने चिंब, आणि पुढच्या उताराला ताशी सत्तर-ऐंशीचा वारा ओल्या छातीवर. कागद वारा अडवतो, घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो आणि घामही टिपतो. कुठले ते आल्प्स आणि कुठला आमचा पोऱ्या, पण दोघांनीही छातीवर कागदच धरला.

९ जानेवारी

माझ्या रस्त्यावर थंडीच्या पायऱ्या आहेत. घरापासून हमरस्त्यापर्यंत साधा गारठा. पुढे रस्ता नदीकडे उतरतो आणि शेवटच्या वळणावर एकदम कान झोंबायला लागतात, डोळ्यांतून पाणी येतं. पुलावर हुडहुडी भरते. पूल संपून चढ लागला की शाळेच्या टेकाडावर पोचेपर्यंत हवा सैल होत जाते. आधी वाटायचं, चढाला दम लागतो म्हणून गरम होत असेल. पण परतीच्या वाटेवर, तोच चढ उतार होतो तेव्हाही, ज्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि ऊन अजून कोवळं असतं, टेकाड उबदार आणि पूल गार हाच क्रम राहतो.

कारण पाठ्यपुस्तकात आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खोलगटात साचते. वर तिच्याहून गरम हवेचं झाकण बसतं. एरवी उंच गेलं की थंडी वाढते; थंडीतल्या पहाटे आमच्याकडे उंचावर ऊब आणि तळाशी गारठा.

ते झाकण आज डोळ्यांनी दिसलं. नदीकाठच्या बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. धूर माणसाच्या डोक्याएवढा वर चढला, तिथे अडला आणि आडवा पसरला. रस्त्यावर तो माझ्या खांद्याच्या उंचीला होता. मान खाली घातली की श्वास मोकळा, वर केली की ठसका. मोटारीच्या काचेआडून या पायऱ्या कळत नाहीत, मोटारसायकलवाल्याला वारा सगळीकडे सारखाच झोंबतो. चालणाऱ्याला त्या कळतील, पण तो पूल ते टेकाड जाईपर्यंत ऊन वर येतं.

१३ जानेवारी, भोगी

डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा. शिक्षकखोलीत सगळ्यांच्या डब्यांत हेच, तरी सगळ्यांनी सगळ्यांचं खाल्लं.

सकाळी फाटकापाशी आठवीतली एक मुलगी सायकल ढकलत आली. पॅडल मारलं की साखळी कटकटत होती, दातऱ्यांवरून निसटत होती. बघते तर साखळीच्या कड्याकड्यांत पांढरं मेण बसलेलं. "मॅडम, काल संध्याकाळी चांगलं तेल सोडलं होतं." कुठलं तेल? डोक्याला लावतात ते, खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या खाली उतरलं की थिजायला लागतं. न्हाणीघरातली बाटली सकाळी चुलीजवळ ठेवावी लागते हे तिला पक्कं ठाऊक होतं. साखळीचा आणि बाटलीचा संबंध तेवढा जोडला नव्हता. शिपाईदादांनी चिंधीने साखळी पुसली, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडले आणि मागचं चाक उचलून पॅडल गरागरा फिरवून दाखवलं.

त्याच ओघात हवेचं बोलणं निघालं. चाक पंक्चर नसतानाही सकाळी मऊ लागतं, ही सगळ्यांचीच तक्रार. दुपारी ३० अंशांच्या उन्हात ५० पौंड हवा भरली असेल, तर पहाटे ७ अंशांना ती ४५च्या आसपास येते. हवा कुठे गेलेली नसते, आकसलेली असते. पंक्चरवाल्याकडे ट्यूब काढायला लावण्याआधी दुपारपर्यंत थांबायचं.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आता दिवस तिळातिळाने मोठा होणार, असं घरोघरी म्हणतात. साडेसहाला सायकल काढणाऱ्याला हे पटणं अवघड आहे. रस्त्यावर नाताळच्या सुट्टीआधी होता त्याहून जास्तच अंधार आहे, आणि हा भास नव्हे. सगळ्यात लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास होऊन गेला, पण नाशिक भागात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सात-दहाच्या आसपास. डिसेंबरातल्या त्या दिवशी तो सातच्या थोडा पुढे उगवला होता. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या टोकाला गेला. सूर्य तिकडे पाऊण पाऊण मिनिट उशिरा मावळतोय, सकाळच्या वाट्याला अजून काही आलेलं नाही.

पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, तिचा आस कललेला, म्हणून घड्याळातली दुपार आणि सूर्याची दुपार जुळत नाही. दहावीला समजावताना फळा भरला. एका मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मॅडम, पुढच्या महिन्यापर्यंत डायनॅमो दुरुस्त करावा लागेल ना?" करावा लागेल.

१९ जानेवारी, रविवार

पहाटे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे बंधारा आहे आणि त्याच्या मागे गाळात तयार झालेलं उथळ पाणी. २०२० साली हे रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण ठरलं.

सायकलची साखळी ऐकू येईल इतकी शांतता होती, आणि पक्षी सायकलला मोटारीइतके बिचकत नाहीत. पाण्यावरून वाफ उठत होती. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक, आणि वारकऱ्यांचा काळा थवा. ही बदकं हिमालयापलीकडून येतात. आपण ज्याला कडाका म्हणतो तो त्यांना उबदार हिवाळा वाटत असेल, असं म्हणायला हरकत नाही.

एक तलवार बदक काठावर एका पायावर उभं. उघडा पाय गार पाण्यात, तरी गोठत नाही. त्याच्या पायात वरून येणारं गरम रक्त आणि खालून परतणारं गार रक्त अगदी लगटून वाहतं. गरम रक्त आपली ऊब परतणाऱ्याला देऊन टाकतं, त्यामुळे पंजा गार राहतो आणि पोट गरम. पायमोज्यांतली माझी बोटं चोळत मी त्याच्याकडे बघत राहिले. हेवा वाटला.

२३ जानेवारी

पुलाशेजारच्या द्राक्षबागेतल्या आबांनी हात करून थांबवलं. "चहा घ्या ताई, बोटं बघा कशी झालीत." शेकोटीत छाटणीच्या काड्या जळत होत्या. ठिबक चालू होतं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं, ते मुळांशी सोडलं की तेवढाच आधार. पण वीज रात्रीची आली तर रात्रभर जागायचं.

मण्यात पाणी उतरायला लागलं की थंडीचा धसका जास्त. दिवसा ऊन तापतं, रात्री कडाका पडतो आणि थॉमसनच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते. निर्यातीच्या मालातून तो घड बाद होतो. पिंक बेरी, हे नाव इथे पोराटोरांनाही माहीत. त्यावरचा उपाय म्हणजे एकेका घडाला कागद गुंडाळायचा. बायका ओळीने उभ्या राहून घडांना पेपर लावत होत्या. आमच्या नीचांकी तापमानाची जुनी बातमी एका घडाभोवती गुंडाळलेली दिसली.

"एवढ्या बागेला मजूर एकदम मिळत नाहीत," आबा म्हणाले. "आधी कुठून सुरू करायचं, तोच प्रश्न."

२९ जानेवारी

गेला आठवडा नववीच्या सायकलवाल्या मुलांनी प्रयोगशाळेतले तापमापक घेऊन मोजमाप केलं. नियम साधे: सायकल थांबवायची, तापमापक छातीच्या उंचीला धरायचा, फुग्याला बोट लावायचं नाही, तोंडाची वाफ लागू द्यायची नाही, दोन मिनिटांनी आकडा लिहायचा. वेळ सूर्य उगवायच्या थोडी आधीची, कारण पारा सगळ्यात खाली तेव्हाच असतो. पाच वाटांनी येणारी मुलं, म्हणून वहीत पाच रस्ते. वारा पडलेल्या दिवशी पुलाखाली ५ तर टेकाडावर ८. एकाच गावात, एकाच घटकेला. पेपरातला एक आकडा दोघांनाही लागू पडत नव्हता.

वही आबांना दाखवली. त्यांनी पुलाजवळचे आकडे बोटाने पुन्हा वाचले. "हे आमच्या आज्याला ठाऊक होतं. त्या खालच्या तुकड्यात तो गहूच पेरायचा."

"मग बाग कशी लावली?"

"द्राक्षाला पैसा आला ताई. मग तुकडा कोण सोडतो?" थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या साली पेपर खालच्या तुकड्यापासून लावायला घेतो. तेवढे आकडे कागदावर उतरवून द्या."

दिले. वारा सुटलेल्या किंवा ढग आलेल्या रात्री हा फरक राहत नाही, त्या दिवशी मजुरी वाया घालवू नका, हेही त्याखाली लिहिलं.