चौऱ्याण्णव दिवस

एप्रिल २०२३ मधली एक रात्र. साडेअकरा वाजले होते. बॅकअपच्या प्रोग्रामनं पडद्यावर आकडा दाखवला: शिल्लक वेळ ९४ दिवस. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, २,६०० निगेटिव्हच्या स्कॅन केलेल्या फाइल, एकूण २०८ जीबी, घरातून इंटरनेटवरच्या साठ्यात चढवायला एवढे दिवस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. जुलैचा शेवटचा आठवडा येत होता. आमच्या निपाणीकडे वेदगंगेचं पाणी चढतं ते याच दिवसांत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. आमचं घर उंचावर आहे, त्याला धक्का लागला नाही. पण कुरुंदवाडच्या मावशीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. ते ओसरल्यावर मी गेलो, तेव्हा मावशी ट्रंकेतले फोटो एकेक करून दोरीवर वाळत घालत होती. चेहऱ्यांच्या जागी तांबूस-पिवळे डाग उरले होते. तिच्या लग्नाचे फोटो आप्पांनीच काढलेले. परत येताना वाटेतच ठरवलं की निगेटिव्हचं आता काहीतरी करायचं.

आप्पांचा निपाणीत छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो यांवर घर चालायचं. रविवारी मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून ते तंबाखूच्या वखारींकडे जायचे. धुळीत नाकातोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका, पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्या, तराजूकडे बघत उभा असलेला शेतकरी. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, त्या दिवसांचे आप्पांचे सात रोल आहेत. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या दिवसाचा एकही फोटो आप्पांनी कधी छापला नाही. निगेटिव्ह मात्र वेगळ्या डब्यात, वर तारीख घालून ठेवले. तो डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. फिल्मचा पाया खराब व्हायला लागला की असा वास सुटतो, आणि एकदा सुटला की ती प्रक्रिया थांबत नाही, फक्त थंड कोरड्या जागी तिचा वेग कमी होतो.

लॉकडाऊनपासून तीन वर्षं मी रोज थोडे थोडे निगेटिव्ह स्कॅन करत आलो. आता सगळं एका हार्ड डिस्कवर होतं, आणि एका डिस्कवर असणं म्हणजे पुन्हा मावशीच्या ट्रंकेसारखंच. म्हणून बॅकअप. आणि त्याचे हे ९४ दिवस.

घरी १०० एमबीपीएसची फायबरची जोडणी होती. माझा सगळा राग पहिल्यांदा जोडणी देणाऱ्या कंपनीवर निघाला. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, तक्रार नंतर करा, आधी मोजा. आणि चढवण्याचा वेग मोजा, उतरवण्याचा नको.’’ मी आजवर कायम उतरवण्याचाच आकडा बघत आलो होतो, कारण सिनेमा अडकतो की नाही ते त्यावर ठरतं. बॅकअपचा सगळा प्रवास मात्र उलट दिशेनं. शिवाय कंपनी सांगते ते मेगाबिट आणि आपली फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, म्हणजे आठानं भागायचं. ९४ दिवसांचा हिशेब उलटा मांडला तर माझ्या घरातून सेकंदाला जेमतेम २५ किलोबाइट बाहेर पडत होते. एका निगेटिव्हची फाइल ८० एमबीची. एका फोटोला जवळजवळ तासभर.

संगणक माडीवर, राउटर खाली सोप्यात. मधली भिंत जुन्या काळ्या दगडाची, दोन हात जाड. माडीवर वायफायवरून चढवण्याचा वेग आला ३ एमबीपीएस. लॅपटॉप खाली नेऊन राउटरला केबलनं जोडला तर तोच वेग ३८. दुसऱ्या दिवशी बाजारातून २० मीटर केबल आणली आणि जिन्याच्या कडेनं वर ओढली. आई म्हणाली, ‘‘अरे, भिंतीला खिळे मारू नकोस, चुना पडतोय.’’ खिळ्यांऐवजी चिकटपट्टी वापरली. संगणकावरही आता ३८ दिसू लागले.

मला वाटलं, सुटलो. रात्री बॅकअप सुरू केला. प्रोग्राम म्हणाला, ७१ दिवस.

इथं मी खरंच खचलो. केबलवर ३८ आणि बॅकअपमध्ये जेमतेम पाव एमबीपीएस. मग वायफायच्या ३ मध्येही तो पाव एवढाच का जात होता, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. भिंतीचा दोष खरा होता, पण तो एकटा नव्हता.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे वेग ‘आपोआप’वर ठेवलेला होता, आणि घरातलं बाकीचं इंटरनेट अडू नये म्हणून प्रोग्राम स्वतःच हात आखडता घेत होता. दुसरी गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले. साठा ठेवणारं केंद्र अमेरिकेत आहे. इथून पाठवलेल्या पिंगचं, म्हणजे छोट्या चाचणी संदेशाचं, उत्तर परत यायला पाव सेकंद लागतो. संगणक थोडी माहिती पाठवतो, पोचपावतीची वाट बघतो, मग पुढची पाठवतो. एकाच धाग्यानं असं चाललं की रस्ता कितीही रुंद असला तरी बराच वेळ वाट बघण्यात जातो. हमालानं एक पोतं गाडीत टाकायचं आणि सही होऊन चिठ्ठी परत येईपर्यंत दुसरं उचलायचं नाही, तसं. उपाय म्हणजे हमाल वाढवणं. एकाच वेळी चालणाऱ्या अपलोडची संख्या १ होती, ती ८ केली. ‘आपोआप’ काढून मर्यादा हातानं घातली: दिवसा निम्मा वेग, रात्री अकरानंतर पूर्ण.

त्या रात्री साडेअकराला वेग ९ एमबीपीएसवर गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर रात्रभरात फक्त दोन जीबी चढलेले. नोंदवही, म्हणजे प्रोग्रामची लॉग फाइल, उघडली. शेवटची नोंद बारा वाजून एक मिनिटाची. त्यानंतर काही नाही. संगणक अर्धा तास हात न लागल्यावर झोपेत जायचा. वीज वाचावी म्हणून मीच कधीतरी तसं ठेवलं होतं. ते बंद केलं, फक्त पडदा विझेल एवढं ठेवलं.

पण लॉगमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या आठवड्यात एकच फाइल तीनदा, चारदा सुरू झालेली. जोडणी मध्येच तुटायची आणि प्रोग्राम ८० एमबीची फाइल पुन्हा पहिल्यापासून चढवायचा. हे आमच्या बाजूचं की बाहेरचं, हे कळायला हवं होतं. गच्चीवर जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीच फाइल चढवून बघितली. आमच्या गच्चीवर कधी कर्नाटकातला टॉवर लागतो, कधी अर्जुननगरच्या बाजूचा महाराष्ट्रातला. पूर्वी कपडे वाळत घालायला वर गेलं की फोनवर रोमिंग लागायचं. त्या दिवशी जो टॉवर लागला त्यावर फाइल एका दमात चढली. मग घरच्या जोडणीवर पिंग चालू ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत सोडून दिलं. चारच्या सुमाराला वळवाचं वारं सुटलं आणि उत्तरं हरवायला लागली. वारं थांबलं की पुन्हा सुरळीत.

वाऱ्याचा आणि इंटरनेटचा संबंध असू शकतो, हे मी तक्रार नोंदवताना मुद्दाम सांगितलं. दुसऱ्या दिवशी चिकोडीकडचा एक तरुण आला. घरची भाषा कन्नड, माझ्याशी मराठीत बोलत होता. त्यानं फायबरचं टोक काढून आपल्या मीटरला लावलं आणि मला आकडा दाखवला: उणे २८.६. ‘‘सर, उजेडच कमी येऊलालाय की. उणे २७ च्या खाली गेलं की हे यंत्र ऐकत नाही.’’ मग तो केबल धरत धरत गच्चीवर गेला. तिथं कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला फायबरची तार दोन वेढे देऊन बांधलेली होती. जोडणी आली त्या दिवशी वारा लागू नये म्हणून कुणीतरी बांधली असणार. आत काचेचा केसाएवढा धागा असतो. तो तीव्र वळला की उजेड वळणावरच बाहेर गळतो, आणि वर ओल्या चादरींनी भरलेली दोरी वाऱ्यानं ओढली की वेढा आणखी आवळायचा. त्यानं वेढे सोडले, चेपलेला हातभर तुकडा कापून टाकला, नवीन जोड केला. मीटर उणे २१ दाखवायला लागलं. चहा घेताना त्यानं विचारलं, एवढं काय चढवताय? मी त्याला रास्ता रोकोचे दोन फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या आजोबांचीही तंबाखू होती म्हणाला.

त्याच संध्याकाळी भाच्यानं फाइलची माहिती विचारली आणि एक चूक माझ्या हाती दिली. आप्पांचे २,२०० निगेटिव्ह कृष्णधवल. मी ते सगळे स्कॅनरवर रंगीत, ४८ बिटमध्ये घेतले होते. लाल, हिरवा, निळा असे तीन थर, आणि तिन्हींत तेच चित्र. एकच थर ठेवला तर ८० एमबीची फाइल २७ ची होते आणि चित्रातला एक कणही कमी होत नाही. दोन दिवस लागले रूपांतराला. २०८ जीबीचे ९१ झाले.

एवढ्यात मी आणखी एक केलं, आणि ते आधी करायला हवं होतं असं मला आजही वाटतं. बॅकअपचा क्रम बदलला. प्रोग्राम अक्षरांच्या क्रमानं चालला होता, म्हणून ‘बारसे’ आणि ‘मुंज’ आधी चढत होते. ते लोकांच्या घरी अल्बममध्ये कुठेतरी आहेत. १९८१ चे सात रोल आणि वखारींचे निगेटिव्ह जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ते पहिले लावले. शिवाय एक जुनी हार्ड डिस्क भरून बहिणीकडे पुण्याला पाठवली, ओळखीच्या माणसाबरोबर, बसनं. ज्या रस्त्यावर आप्पांनी ते फोटो काढले, त्याच रस्त्यानं सगळाच्या सगळा साठा एका दुपारी पोचला. वेगाचा विचार केला तर याच्यापुढे आमच्या घरची जोडणी टिकत नाही.

बाकीचं तीन रात्रींत चढलं. सरासरी १० एमबीपीएस. एका दुपारी वीज गेली, पण राउटरला छोटा यूपीएस आणला होता आणि संगणक इन्व्हर्टरवर, त्यामुळे काही तुटलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर ‘पूर्ण’ आलं.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, परत उतरवून बघितल्याशिवाय पूर्ण म्हणू नका.’’ बहिणीनं पुण्याहून कुठल्याही २५ फाइल निवडून उतरवल्या. तेवीस उघडल्या. एकीत वखारीतली आमची आजी होती, पदर तोंडाला बांधलेला, आणि बहीण फोनवर काही वेळ बोललीच नाही. दोन फाइल अर्ध्यावर करड्या होत्या. घरच्या डिस्कवर बघितलं तर तिथंही तशाच. बॅकअपचा दोष नव्हता, स्कॅन करतानाच कधीतरी वीज गेली असणार. दोन सापडल्या म्हणजे आणखी असतील. त्या आठवड्यात मी सगळ्या २,६०० फाइल एकेक उघडून बघितल्या. एकूण अकरा निघाल्या, त्यातल्या तीन ६ एप्रिलच्या डब्यातल्या. तो डबा पुन्हा काढला, हातमोजे घातले, आणि त्या तिन्ही पट्ट्या आधी स्कॅनरवर ठेवल्या.