जागच्या जागी

नीटनेटकेपणाची हौस माणसाला केव्हा गोत्यात आणील याचा नेम नाही. मागच्या दिवाळीत माळा झाला, फडताळे झाली, तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली की आता अण्णांचा संगणकही आवरून टाकावा!

अण्णा माझे वडील. वय ८४. डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी बिघाड झाल्यापासून त्यांना समोरचे अक्षर लागत नाही. कडेचे तेवढे दिसते. तरी सकाळचा चहा झाला की ते संगणकापुढे बसतात. त्यावर साठएक चित्रे, भाजीबाजारासारखी पसरलेली.

चित्रांचे कप्पे करून देणारे एक सॉफ्टवेअर मी बसवले. पत्रांचा कप्पा, फोटोंचा कप्पा, गाण्यांचा कप्पा आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर’. संध्याकाळी पाहुण्यांना फोटो दाखवायला तोच संगणक टीव्हीला जोडला. सोडवला तेव्हा कप्पे एकमेकांवर चढून बसलेले, आणि घटकाभराने तर सारा पडदाच कोरा!

“बाबा, घाबरू नका, पुसलं काहीच नसेल,” चिरंजीव फोनवरून म्हणाले. चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी. फाईल ‘डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरात असते. तो उघडून पाहिला, सगळी मंडळी सुखरूप होती. पाटी कुठे लावायची याची नोंद मात्र वेगळी असते, आणि टीव्ही जोडल्यावर पडद्याची मापे बदलली की ती कोलमडू शकते. मी ते सॉफ्टवेअर काढून टाकले. उजवी कळ दाबून ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’वर खूण केली. चित्रे परतली, पण ‘ऑटो अरेंज’ चालू असल्यामुळे डावीकडून पलटणीसारखी ओळीने. मला तर तेच आवडले! निवांत झोपलो.

सकाळी अण्णांची हाक आली. “अरे, माझं टेबल कोणी हलवलं?”

१९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागद, फायली, टपालाचे ट्रे अशी चित्रे टेबलावर मांडल्यासारखी होती. आणि दुसऱ्याच्या टेबलाला हात लावू नये, हे तर मी कचेरीत पहिल्याच महिन्यात शिकलो होतो.

“पण अण्णा, प्रत्येकाखाली नाव आहे की.”

“नावं वाचतो कोण? मला जागा ठाऊक आहेत.”

मी मुकाट्याने ‘ऑटो अरेंज’ची खूण काढली आणि खुर्ची ओढून बसलो. अण्णा डोळे मिटून सांगू लागले. “वर उजवीकडे भजनं. त्याखाली बँकेचे कागद. मग एक जागा सोड.” मी एकेक चित्र ओढून ठेवत होतो. तासभर गेला. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा चहा ठेवून गेली.

“आता खाली, उजव्या कोपऱ्यात आईचं.”

आईचे? मला काही उमजेना. मग ध्यानात आले. नाव नसलेली, नुसत्या आकड्यांची एक ध्वनिफीत मी डोळे झाकून ‘इतर’मध्ये ढकलली होती. ती ओढून कोपऱ्यात ठेवली.

“तिच्या शेजारी काही ठेवू नकोस.”

नाही ठेवले. अण्णांनी बाण चाचपडत कोपऱ्यात नेला आणि दोनदा टिचकी मारली. नातवाने कधीतरी सहज टिपलेला आवाज. मागे भांड्यांची खडखड, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते आहे, “अहो, येताय ना? आमटी निवते आहे!”

“आलो,” अण्णा म्हणाले.