ठाणवई

सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. महामारीमुळें शाळा बंद होत्या, म्हणून आम्ही गांवच्या घरींच होतों. त्या दुपारीं परसांतील फणस मुळासकट उन्मळून पडला. आमच्या जन्माच्या वर्षीं तो वडिलांनीं लाविला होता, आणि वडिलांस जाऊन तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें.

वीज गेली ती कित्येक दिवस आली नाहीं. आईनें माळ्यावरून आजीची लांकडी ठाणवई काढविली. ठाणवई म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगावें लागेल. खालीं जड बैठक, मधें दांडा आणि वर पणती ठेवण्यापुरती खोलगट तबकडी, असें हें साधें साधन. पणती जमिनीवर असली म्हणजे प्रत्येक वस्तूची लांब सावली पडते. तीच हातभर उंच ठेविली कीं उजेड दूरवर पोंचतो. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत जिला ‘दिवठणी’ म्हटलें आहे, ती हीच.

पण आजीच्या ठाणवईस वाळवीनें पोखरलें होतें. चौथ्या रात्रीं ती कलंडली. आईनें ओलें पोतें टाकून ज्योत विझविली म्हणून निभावलें. मग ती म्हणाली, “फणस पडलाच आहे. त्याचीच एक कर.”

त्या झाडाचें बहुतेक लांकूड आम्हीं शेजाऱ्यांस देऊन टाकिलें होतें. दोन जाड फळ्या मात्र ठेविल्या होत्या. पहिली आम्हीं लगेच हातीं घेतली. ओलें लांकूड करवतीस व पटाशीस मऊ लागतें. आठ दिवसांत ठाणवई उभी राहिली आणि आमचा अभिमानही उभा राहिला. नाताळापर्यंत मात्र बैठकीस भेग पडली, सांधा ढिला झाला व दिवा एका बाजूस झुकला. लांकूड वाळतांना लांबीच्या दिशेनें फारसें आकसत नाहीं. आडव्या दिशेनें पुष्कळ आकसतें. त्यामुळें दांड्याचें टोक बारीक होऊन भोकांत खेळूं लागलें होतें. गांवचे सुतारकाका तें पाहून म्हणाले, “मास्तर, हें अजून झाडच आहे. त्याला लांकूड होऊं द्या.”

आतां एकच फळी उरली होती : तीन फूट लांब, दहा इंच रुंद, तीन इंच जाड. एक इंच जाडीस सुमारें एक वर्ष, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. टोंकें आधीं वाळून फाटूं नयेत म्हणून त्यांस मेण लाविलें, खालून वारा खेळावा म्हणून फळी दोन पट्ट्यांवर ठेविली, आणि तीन वर्षें थांबलों.

सन २०२३ च्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही व आमची मुलगी कामास बसलों. दहा इंचांची चौरस बैठक व दोन फुटांचा दांडा काढिला, आणि उरलेल्या तुकड्याची तबकडी कोरली. बैठक अरुंद झाली तर थोड्याशा धक्क्यानें भार तिच्या बाहेर जातो व दिवा उलथतो, म्हणून रुंदी राखली. दांड्याचें टोक चौकोनी करून तसेंच भोक पाडलें व खालून पाचर ठोकिली. शेवटीं जवसाचें तेल चोळलें. येथें एक इशारा : हें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें व तापतें, तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेविल्यास आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

रात्रीं पणती लाविली. तबकडीवर आधीं पितळेची ताटली ठेविली होती, म्हणजे ज्योत व तेल लांकडास लागूं नये. आईनें दांड्यावरून हात फिरविला व म्हणाली, “ह्यांनीं लावलेलें झाड घरांत आलें.”

आम्हांस त्या वेळीं दुसरेंच आठवत होतें. इयत्ता आठवींत आम्ही नापास झालों, तेव्हां वडील एवढेंच म्हणाले होते, “अजून वेळ आहे.” आणि आम्हीं मात्र त्याच वर्षीं एका मुलाविषयीं त्याच्या आईस सांगितलें होतें कीं, ह्याचें कांहीं होणार नाहीं. ओलें लांकूड पाहून आम्हीं त्यास वाईट लांकूड म्हटलें होतें.

शाळा उघडतांच आम्ही त्याच्या घरीं गेलों व ते शब्द परत घेतले. माउलीनें आम्हांस बसावयास पाट दिला. मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. ठाणवई अजून आमच्या घरीं आहे. ती हलत नाहीं.