दोन वर्षांचा ट्रेड

आमच्या परभणी जिल्ह्यात कामासाठी गाव सोडणं नवं नाही. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. शिकलेली पोरं पुण्याकडं कंपन्यांत जातात. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो. पूर्वी प्रमाणपत्र न्यायला आलेला मुलगा विचारायचा, "सर, पुण्यात कुठं लावून देता का?" अलीकडं विचारतो, "सर, हे सर्टिफिकेट बाहेरच्या देशात चालतं का?" त्याला खरं उत्तर द्यायचं म्हणून मी कायदे वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं, की आपला कायदा आणि जर्मनीचा कायदा माझ्या पोरांना एकाच ठिकाणी अडवतात.

जिंतूर तालुक्यातले दोन चुलत भाऊ आमच्याकडं होते. एक माझ्या वर्गात, दुसरा वेल्डर ट्रेडला. वेल्डरचं दहावीत गणित राहिलेलं. हात मात्र असा, की त्याच्या निदेशकांनी मला मुद्दाम बोलावून त्याचं काम दाखवलं होतं. पाइप आडवा बांधलेला, हा खाली उकिडवा बसून पाइपाच्या पोटाला जोड मारत होता. ठिणग्या बाहीवर पडत होत्या, पण इलेक्ट्रोड धरलेला हात हलत नव्हता. स्लॅग झाडल्यावर आतली रेघ पाहिली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी.

पासपोर्ट आला तो ईसीआर. म्हणजे आखाती देश, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागणार. हा नियम १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचा. दहावी पास असेल त्याला ही परवानगी लागत नाही. दहावी नसली तरी मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा ट्रेड केलेला असेल, तरी लागत नाही. वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. गणितानं एकदा अडवलं, ट्रेडच्या मुदतीनं दुसऱ्यांदा.

कायद्याचा हेतू चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. कमी शिकलेल्या माणसाला कुणी फसवून नेऊ नये म्हणून एजंट नोंदणीकृत हवा, करार ई-मायग्रेट पोर्टलवर हवा, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा हवा, आणि एजंटाची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त नको. पण गावात येणारा एजंट ही परवानगी बागुलबुवासारखी दाखवतो. त्या पोराच्या वडिलांना तो म्हणाला, "ईसीआरला लई वेळ लागतो मामा. व्हिजिट व्हिसावर धाडतो. विमानतळावर विचारलं तर सांगायचं, फिरायला चाललो." आणि मागितले लाखाच्या वर. घरात बैलजोडी विकायची बोलणी सुरू झाली.

मी त्या घरी जाऊन बसलो. वडील आयुष्यभर ऊसतोडीला गेलेले. त्यांना म्हटलं, "मुकादम तुम्हाला न्यायला येतो तेव्हा पैसे कोण कुणाला देतं?" ते म्हणाले, "मुकादम उचल देतो की." उचलीचा फास किती वाईट, ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण तिथंही मालकाला मजूर हवा असतो म्हणून पैसा मालकाकडून निघतो. आखातात माणूस हवा असतो कंपनीला आणि बैल विकायचे आमच्या शेतकऱ्यानं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मजूर बोलावणाऱ्या देशानं भरतीचा सगळा खर्च मालकावर टाकला पाहिजे. स्थलांतराच्या धोरणात सुधारणा करायची, तर माझ्या मते सुरुवात इथून हवी.

व्हिजिट व्हिसाला आम्ही नाही म्हणालो. पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, त्यातून मुंबईचा एक निवडला. ट्रेड टेस्टला पोरगा पहिल्या फटक्यात पास झाला. याही एजंटानं वरचे पैसे मागितले, पण वडील पावतीवर अडून बसल्यावर आकडा बराच खाली आला. बैल राहिले. पोरगा कतारला गेला.

तिथं करारात वेल्डर लिहिलेलं असताना त्याला हेल्परच्या पगारावर लावलं. पूर्वीची गोष्ट असती तर त्याला मुकाट सोसावं लागलं असतं, कारण मालकाच्या, म्हणजे कफीलच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलताच येत नव्हती. २०२० मध्ये कतारनं ती अट काढली आणि २०२१ च्या मार्चपासून महिन्याला १००० रियालचं किमान वेतन सगळ्या कामगारांना लागू केलं. यानं नोटीस दिली, मुदत भरली आणि दुसऱ्या वर्कशॉपात वेल्डर म्हणून लागला. दोहामध्ये कायद्याची एक ओळ बदलली आणि जिंतूर तालुक्यातल्या एका घराचं कर्ज त्या वर्षी फिटलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून धोरणाच्या गोष्टी फक्त दिल्लीच्या लोकांच्या असतात असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

आता दुसरा भाऊ, माझा विद्यार्थी. वायरमन ट्रेड दोन वर्षांचा, त्यामुळं पासपोर्टला अडचण नाही. जालन्याच्या एमआयडीसीत तो पॅनल वायरिंग करत होता. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचे, असं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. पेपर घेऊन तो माझ्याकडं आला.

जर्मनीला माणसं हवी आहेत, यात शंका नाही. तिथली पिढी निवृत्त होते आहे आणि वर्षाला सुमारे चार लाख माणसं बाहेरून यावी लागतील, असं तिथलेच तज्ज्ञ सांगतात. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी मजूर आणले, 'पाहुणे कामगार' म्हटलं, १९७३ मध्ये भरती बंद केली. पाहुणे मात्र बायकामुलांसह तिथलेच झाले. आपण स्थलांतरितांचा देश आहोत हे मान्य करायला त्या देशाला फार वर्षं लागली. २०२० मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा कायदा आला, २०२३ मध्ये तो आणखी सैल केला. २०२४ च्या मार्चपासून एक नवी वाट आहे: आपल्या देशानं मान्य केलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, हातात नोकरी आणि ठरावीक किमान पगार एवढं असेल, तर त्यांच्याकडून प्रमाणपत्र पडताळून घेण्याची लांबण लागत नाही.

या वाटेला कायद्यानं भाषेची अट नाही, पण मालक घालतो, आणि मला ते रास्त वाटतं. चालू लाइनवर काम करणाऱ्याला "हात लावू नको" कळलंच पाहिजे. पोरानं पुण्याचा ऑनलाइन क्लास लावला. गावात रेंज मिळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी आमच्या वर्कशॉपच्या पायरीवर येऊन बसायचा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग लावून पाठ करावं लागतं. त्यानं वहीत तीन फेजचे तीन रंग वापरले: लाल, पिवळा, निळा. लाल पेनानं 'डेअर श्ट्रोम', म्हणजे वीजप्रवाह. पिवळ्यानं 'डी लायटुंग', म्हणजे लाइन. निळ्यानं 'दास काबल'. ही वही मी पुढच्या बॅचला दाखवतो.

परीक्षेसाठी रात्रीच्या गाडीनं पुणं गाठावं लागतं आणि फीला घरचं कैक क्विंटल सोयाबीन जातं. भाषेची ए-टू पातळी झाली आहे, बी-वन बाकी आहे. ९० हजारांचा आकडा दिल्लीत जाहीर होतो. परभणीच्या पोराला त्यात शिरायचं तर भाषा आयटीआयच्या वेळापत्रकात हवी आणि परीक्षेचं केंद्र मराठवाड्यात हवं.

आमच्या गावातले ट्रॉली बनवणारे एक कारखानदार माझ्यावर रागावतात. "सर, तुम्ही पोरं बाहेर धाडता, इथं वेल्डर कुठून आणू?" त्यांची अडचण खरी आहे. पण त्यांच्याकडं वेल्डर महिनाभर राबून जे घेतो त्यात संसार होत नाही, हेही तितकंच खरं. राहावं की जावं, हे पोरानं ठरवावं. मी त्याला दोन्ही दारं उघडी ठेवून द्यावी, एवढंच माझं काम.

कतारचा वेल्डर हल्ली फोनवर विचारतो, "सर, भावाचं जमतंय, माझं जर्मनीचं नाही का काही?" हाताची सफाई, काही वर्षांचा अनुभव, सगळं आहे. ट्रेड एका वर्षाचा, त्यामुळं ती नवी वाट त्याला बंद. जर्मनीत जाऊन साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण पहिल्यापासून करणं घराला परवडणारं नाही. वेल्डर, प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड आणि त्यावरचा अनुभव मिळून दोन वर्षांच्या बरोबरीचं धरावं, हे आपल्या सरकारनं करारात मागून घेतलं पाहिजे. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नव्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला, तेव्हा मीही दोन पानं लिहून पाठवली. त्यात पहिलं हेच लिहिलं.

दुसरं लिहिलं ते प्रवेशाच्या टेबलावर शिकलो. उन्हाळ्यात आईवडील फॉर्म भरायला येतात, तेव्हा मी शेजारी बसून एका आणि दोन वर्षांच्या ट्रेडचा फरक समजावतो. एका बापानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कळतंय सर. पण दुसरं वर्ष याला घरी बसवून खायला कोण घालणार? पोरगं एका वर्षात कमवायला लागलं पाहिजे." त्यानं फॉर्मवर वेल्डरच भरला. म्हणून माझी दुसरी मागणी दुसऱ्या वर्षाच्या विद्यावेतनाची आहे, एका मजुराची रोजी निघेल इतक्या.